‘सेन्स ऑफ प्लेस’ : ओढ, भान की ठाव?

सोलापूरच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शाश्वत विकासाचे अभ्यासक आपापल्या विषयाकडे कसे वळले, यात त्यांच्या ‘सेन्स ऑफ प्लेस’चा, म्हणजे एखाद्या जागेशी जडलेल्या नात्याचा नि तिच्या जाणिवेचा, वाटा असतो; या ‘सेन्स ऑफ प्लेस’ला मराठीत ‘मातीची ओढ’ म्हटलं तर चालेल का?

मला नाही वाटत. ओढ हा त्यातला एकच पदर. भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९७४ साली त्याच नावाच्या पुस्तकातून ‘टोपोफिलिया’ हा शब्द रूढ केला, तो जागेवरच्या प्रेमाचा. त्याला खुशाल ‘ओढ’ म्हणा. पण सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हाची ओढ कोणाला असते? नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार यावर धुण्याभांड्याचा बेत ठरणाऱ्या घरातली मुलगी पुढे पाण्यावर संशोधन करते, तेव्हा तिला तिकडे नेणारं काय असतं? प्रेमापेक्षा ती भरून ठेवलेली पिंपंच असावीत.

म्हणून ‘स्थानभान’. शब्द कोरडा आहे, पण प्रबंधाच्या शीर्षकात खपून जाईल.

मजकुरात मात्र मी ‘ठाव’ वापरेन. ठाव म्हणजे जागा आणि ठाव म्हणजे तळही. विहिरीचा ठाव लागत नाही, तसा माणसाच्या मनाचाही. जागा आणि तिची खोली एकाच शब्दात सांगण्याची ही सोय सोडू नये.

जागेला आपण काय म्हणतो, त्यावर प्रश्नही बदलतो. ‘माळ’च घ्या. कागदोपत्री माळरान पुष्कळदा ‘पडीक’ ठरतं. मेंढरं राखणाऱ्याला ते चराईचं रान. आणि माळढोकाच्या तर नावातच माळ आहे; सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, त्याच पक्ष्यासाठी केलेलं. ‘पडीक’ ऐकत वाढलेला अभ्यासक विचारेल, इथे झाडं कुठली लावायची? ‘माळ’ म्हणत वाढलेला आधी गवत बघेल, त्यात कोण चरतं, कोण अंडी घालतं ते बघेल. झाडं लावून माळ झाकला तर माळढोकाने जायचं कुठे, हा प्रश्न त्यालाच सुचणार.

(‘शाश्वत’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही. संतांच्या लेखी शाश्वत एक देवच, आणि आपल्याकडे ‘टिकाऊ’ म्हटलं की चादर डोळ्यापुढे येते. पण ‘शाश्वत विकास’ आता रुळलाय, राहू द्या.)

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘ज्या जागेचा ठाव लहानपणीच लागला, तिचेच प्रश्न या अभ्यासकांनी पुढे संशोधनाला घेतले.’