टोरांटोतला पहिला हिवाळा आणि हातातली काठी

ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना इथल्या हिवाळ्याची धास्ती वाटणारच. काठीच्या टोकाला बर्फावर पकड देणारे खिळे लावून घ्या, पण दुमडता येणारे. दुकानात शिरताना ते वर करायचेच. गुळगुळीत फरशीवर तेच सर्रकन घसरतात. मी एकदा विसरले आणि थेट कांद्यांच्या ढिगावर बसले! खरी गोची फुटपाथवर नाही, कोपऱ्यावर: बर्फ हटवणारी नांगर-गाडी रस्ता साफ करते आणि नेमका फुटपाथवरून रस्त्यावर उतरायच्या उताराच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते. डाउनटाउनमध्ये शक्यतो युनियन स्टेशनवरून ‘पाथ’नेच फिरा, 30 किलोमीटरच्या वर भुयारी वाट आहे. मध्येमध्ये पायऱ्या लागतात, तेव्हा लिफ्ट कुठे ते आधी बघा. आणि व्हील-ट्रान्सचा, म्हणजे चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच्या इथल्या सार्वजनिक गाडीसेवेचा, अर्ज बर्फ पडायच्या आधीच भरा.