दायित्व, उत्तरदायित्व की बांधिलकी?

पारोळ्याच्या एका शिक्षिकाताईंनी विचारले आहे, की त्यांच्या शाळेला एका कंपनीने पाणी शुद्ध करणारे यंत्र दिले, तेव्हा कंपनीच्या पत्रात ‘सामाजिक उत्तरदायित्व’, बातमीत ‘सामाजिक बांधिलकी’ आणि शाळेच्या फलकावर ‘सामाजिक दायित्व निधीतून सप्रेम भेट’ असे आले. तर सीएसआरसाठी (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) यांतला नेमका शब्द कोणता?

‘दायित्व’ हा शब्द दिसतो त्याहून बराच रोकडा आहे. पाणिनीच्या एका सूत्रात (३.३.१७०) अवश्यकर्तव्य आणि ऋण या अर्थांनी येणारा ‘इन्’ प्रत्यय सांगितला आहे आणि टीकाकार त्याचे उदाहरण ‘शतं दायी’ असे देतात, म्हणजे शंभर देणे लागणारा ऋणको. ताळेबंदातल्या देण्यांना आपण आजही ‘दायित्वे’ म्हणतो. ‘उत्तरदायी’ मात्र पैसे नव्हे, उत्तर देणे लागतो. फारसी वळणाचा ‘जबाबदार’ हा त्याचा सख्खा भाऊ.

आता कायदा पाहू. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आदल्या वर्षी ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. आरंभी हा खर्च झाला नाही, तर संचालक मंडळाने अहवालात कारण नमूद केले की भागत असे. ते शब्दशः उत्तरदायित्व होते. २२ जानेवारी २०२१ पासून मात्र, चालू प्रकल्पासाठी राखलेली रक्कम सोडली, तर उरलेला पैसा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत कायद्याने नेमलेल्या निधीत भरावा लागतो आणि न भरल्यास दंड होतो. नुसत्या उत्तरावर आता सुटका नाही, म्हणून माझे मत ‘दायित्वा’ला.

‘बांधिलकी’ म्हणजे स्वतःला आपणहून बांधून घेणे. अमळनेरला १९१६ मध्ये उद्योगपती प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तेव्हा त्यांच्यामागे टक्केवारीचा कायदा नव्हता. तो शब्द तिथे शोभतो.

राहिला ‘धर्मादाय’. हा जुना बाजारी शब्द कुणी सुचवील, पण तो इथे चालणार नाही. आडत-बाजारात दानधर्मासाठी म्हणून धर्मादाय कापला जाई तो समोरच्याच्या पैशातून, त्यामुळे पुण्य कापणाऱ्याचे आणि झळ दुसऱ्याला, असा तो मामला असे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५४ने अशी रक्कम घेणाऱ्याला तिचा विश्वस्तच ठरवून टाकले. सीएसआरचा पैसा कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातला असतो.

तेव्हा ताई, फलकावरचा ‘दायित्व’ तसाच राहू द्यावा. पुढच्या खेपेला रंगारी येईल, तेव्हा ‘सप्रेम भेट’ पुसून तिथे ‘प्राप्त’ एवढेच लिहून घ्यावे.