मुलगा बोलत नाही, शिबिराला घालू का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा मुलगा आता नववीत जाईल. अभ्यासात बरा आहे, त्रास काहीच नाही, पण बोलतच नाही जी. पाहुणे आले की नमस्कार करतो अन् आत जाऊन बसतो. लग्नाला नेलं की अर्ध्या तासात घरी चल म्हणतो. पेरेंट्स मीटिंगला मॅडमचं दरवेळी एकच, हुशार आहे पण पार्टिसिपेशन नाही, हात वर करत नाही. मिस्टर इतवारीत कापडाच्या दुकानात आहेत, दिवसभर बोलून गिऱ्हाईक जोडणारा माणूस, त्यांना वाटतं हा पुढे टिकणार कसा. परवा नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, काऊन रे, तोंडात मूग भरले का? त्या दिवशी तो नीट जेवला पण नाही. मित्र एकच आहे, त्याच्याशी मात्र तासन् तास गप्पा. घरात कामाला नाही म्हणत नाही, मार्च लागला की कूलर तोच लावतो, खालच्या आजींचाही लावून देतो, त्या दुसऱ्या कोणाला हातच लावू देत नाहीत. उन्हाळ्यात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं शिबिर आहे, स्टेज डेअरिंग येते म्हणतात. घालू का? नाव द्यायची तारीख जवळ आलीय.
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला कूलरची वाटली आणि ती तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय. नागपुरात कूलर लावणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, मागच्या वर्षीची धूळ झाडायची, टाकीला धरलेला पाण्याचा खार खरवडायचा, पंपाची जाळी साफ करायची, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, वरच्या पाइपाची बुजलेली भोकं टाचणीने एकेक मोकळी करायची, नाहीतर एक ताटी भिजते अन् दुसरी कोरडी राहते आणि मेच्या पंचेचाळीस डिग्रीत तो कूलर गरम हवाच फेकतो. (प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, एवढं मात्र त्याला बजावून ठेवा.) हे काम घाईघाईने, बडबड करत होत नाही, बघत राहावं लागतं, पंपाचा आवाज ऐकावा लागतो. आणि त्या आजी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत त्याचं कारणही हेच असेल, हा येतो, त्यांचं ऐकून घेतो, सांगितलेलं नीट करून जातो. वयस्क माणसं उगाच कोणावर विश्वास टाकत नाहीत हो. चौदा वर्षांच्या मुलाने तो कमावलाय आणि आपण सगळे त्याच्या तोंडातले मूग मोजत बसलोय!

आता मॅडमच्या पार्टिसिपेशनबद्दल. 1970 च्या दशकात मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी शाळांमधले तास टेप करून ऐकले, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला उठवतात नाहीतर स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब झाली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली, "माहीत नाही" कमी झालं. मुलं तीच, वर्ग तोच! तुमच्या मुलाच्या डोक्यात उत्तर जुळेपर्यंत पुढच्या बाकावरच्याने ओरडून टाकलेलं असतं, मग हात वर करून करायचं काय त्याने. मॅडमना भेटून प्रेमाने सांगा, की त्याला जरा थांबून विचारा, किंवा उद्या हे विचारणार म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. बऱ्याच शिक्षकांना हे आवडतं, कोणी सांगत नाही म्हणून राहून जातं.

लग्नातून लवकर घरी यायचं म्हणतो ते पण समजून घ्या. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख हे प्रकार मांडले, तोही म्हणायचा की शंभर टक्के एकाच बाजूचं कोणी नसतं. पुढे आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने असं मांडलं, की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, त्यामुळे गोंगाट त्याला लवकर जड होतो. लॉनवरच्या डीजेसमोर तुमच्या मिस्टरांना हुरूप येत असेल, मुलगा थकत असेल, दोघंही खरे.

आणि मिस्टरांच्या काळजीचं म्हणाल तर आपल्या वर्ध्याजवळचं सेवाग्राम त्यांना आठवून द्या. गांधीजी बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले तर तोंडातून प्रश्नच फुटेना, तीस रुपये फी परत देऊन बाहेर पडले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि हेही लिहिलंय की या बुजरेपणामुळे मी शब्द जपून वापरायला शिकलो. पुढे तर दर सोमवारी मौनच पाळायचे, चिठ्ठीवर लिहून द्यायचे. दुकानातसुद्धा बघा ना, गिऱ्हाईकाला नेमकं काय हवं ते मुकाट ऐकून बरोबर तोच तागा काढणारा एखादा सेल्समन असतोच, मिस्टरांना चार नावं आठवतील.

एक गोष्ट मात्र नीट बघा. एकटं राहायला आवडणं वेगळं आणि लोकांची भीती वाटणं वेगळं. बोलायचं असूनही छातीत धडधडतं, घाम फुटतो, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखतं, झोप-जेवण बिघडलंय, आवडीची कामं सुटलीत, असं काही असेल तर वाट बघू नका, समुपदेशकाकडे न्या, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो फुकट आहे. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, मित्राशी तो तासन् तास बोलतोय. पण नणंदेच्या बोलण्यावर जेवण गेलं ना, ते मला खुपलं. पुढच्या वेळी कोणी असं बोललं तर मुलासमोरच म्हणा, "तो विचार करून बोलतो, मला आवडतं तसं." त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका, "बोल ना रे" म्हणून ढोसू नका, एवढंच एक वाक्य, आणि ते त्याच्या कानावर पडू द्या. त्याच्याशी बोलायचं तर समोर बसवून नको, कूलर लावताना पाना-पक्कड हातात देत देत बोला, बघा किती सांगतो ते.

शिबिराचं त्यालाच विचारा. तिथे काय काय असतं ते सगळं सांगा, स्टेजवर उभं करतात हेही लपवू नका, आणि उत्तर तिथल्या तिथे मागू नका, दोन दिवस द्या. जातो म्हणाला तर आनंदाने पाठवा, स्टेजवर बोलता येणं कामाचंच आहे, तयारी करून बोलायला अशी मुलं छान शिकतात. नाही म्हणाला तर त्याच पैशात त्याला चांगला मल्टिमीटर अन् स्क्रू ड्रायव्हरचा सेट मिळेल, सीताबर्डीला त्याला सोबत घेऊन जा, निवडू द्या त्यालाच. तारीख जवळ आलीय म्हणता, तर आजच आयोजकांना फोन करून दोन-तीन दिवस जागा धरून ठेवता का ते विचारून घ्या.