पालखीच्या फोटोंवरच्या तारखा

प्रश्न : वडिलांनी डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले पालखी सोहळ्याचे अनेक वर्षांचे फोटो मी जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर घेतले. आता विंडोजमध्ये सगळ्यांची 'डेट क्रिएटेड' एकच, म्हणजे फोटो उतरवून घेतले त्या दिवसाची दिसते. मूळ तारखा पुसल्या गेल्या का?
— एक वाचक, नाना पेठ, पुणे

उत्तर : बहुधा नाही. आपल्याला दिसते ती तारीख फाइलची आहे, फोटोची नव्हे. ही प्रत नव्या डिस्कवर कधी तयार झाली, एवढेच ती सांगते. फोटो टिपल्याची वेळ कॅमेरा फाइलच्या आतच 'एक्झिफ' नावाच्या नोंदीत लिहून ठेवतो आणि नुसती प्रत काढल्याने ती बदलत नाही.

फोटोवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'डिटेल्स' या टॅबवर जावे. तेथे 'डेट टेकन'समोर असते ती आपल्याला हवी असलेली तारीख. खाली कॅमेऱ्याचे मॉडेल, शटरचा वेग, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता किती ठेवली होती तो आकडा) हेही सापडते. मॅकवर हीच माहिती 'प्रीव्ह्यू' या फोटो पाहण्याच्या प्रोग्रामच्या 'टूल्स' मेनूतील 'शो इन्स्पेक्टर'मध्ये मिळते. विंडोजमध्ये संपूर्ण फोल्डर एकदम पाहायचा असल्यास फोल्डरची 'डिटेल्स' मांडणी निवडून स्तंभांच्या शीर्षकावर उजवे बटण दाबावे, 'डेट टेकन' हा स्तंभ जोडावा आणि त्यानुसार क्रम लावावा.

मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल, तर ही नोंदही चुकीचीच असते, आणि जुन्या कॅमेऱ्यांत बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ मागे जाणे नेहमीचेच होते. आपल्या फोटोंबाबत पडताळा सोपा आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात ज्येष्ठ वद्यात, म्हणजे साधारण जून-जुलैत मुक्कामी येतात. तेव्हा भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरासमोरच्या गर्दीवर जानेवारीची तारीख असेल, तर घड्याळच बिघडलेले होते असे खुशाल समजावे. अशा वेळी त्या वर्षीच्या मुक्कामाची खरी तारीख जुन्या पंचांगावरून काढावी आणि दोन्ही तारखांतील फरक मोजावा. 'एक्झिफटूल' हा मोफत प्रोग्राम तेवढ्याच फरकाने त्या गटातील सर्व फोटोंच्या तारखा एकाच वेळी पुढे सरकवतो. एकदोनच फोटो असतील, तर 'डेट टेकन'वर क्लिक करून तारीख हाताने बदलता येते. दुरुस्ती कोणतीही असो, ती प्रतीवर करावी. मूळ संच वेगळ्या डिस्कवर तसाच ठेवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

नातेवाइकांना हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवल्यास एक्झिफ नोंद गळून जाते. ती टिकवायची असेल, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत. पण मोबाइलने काढलेल्या फोटोंत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असू शकतात आणि डॉक्युमेंटबरोबर तेही जातात. म्हणून घरात काढलेले फोटो परक्या माणसाला पाठवण्यापूर्वी त्याच 'डिटेल्स' टॅबच्या तळाशी असलेला 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' हा पर्याय वापरून नोंदी काढलेली प्रत तयार करावी आणि तीच पाठवावी.