अंड्याविना फ्लूची लस आणि माळकरी आई

आपल्या मातोश्री जालन्यात राहतात, वय 67, मधुमेह आहे आणि गळ्यात तुळशीची माळ आहे. डॉक्टरांनी पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्यायला सांगितली. पण ती अंड्यात वाढवतात हे कळल्यापासून त्या नको म्हणतात, आणि परदेशातल्या भावाने ‘अंड्याविना रिकॉम्बिनंट लस मिळते’ असे कळवले आहे. ती नेमकी काय असते आणि आईला चालेल का, हा आपला प्रश्न. परभणीत औषधांचे दुकान चालवताना तो मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नेहमीच्या लशीसाठी कोंबडीच्या फलित अंड्यात फ्लूचा विषाणू टोचतात, तो वाढला की अंड्यातला द्रव काढून घेतात आणि विषाणू निष्क्रिय करून त्यापासून लस तयार करतात. 1940च्या दशकापासून चालत आलेली ही पद्धत खात्रीची आहे, पण तिची सगळी भिस्त कोंबड्यांवर आहे. आणि 2021च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या, तेव्हा ही भिस्त किती नाजूक असते ते आम्ही पाहिले आहे. याहून महत्त्वाची अडचण वेगळीच आहे. माणसाला होणारा फ्लूचा विषाणू, विशेषतः त्याचा एच3एन2 हा प्रकार, कोंबडीच्या अंड्यात रुळताना स्वतःत बारीक बदल करून घेतो, आणि मग लशीतून शरीराला ओळख होते ती त्या बदललेल्या रूपाची, गावात फिरणाऱ्या मूळ विषाणूची नव्हे.

रिकॉम्बिनंट पद्धतीत फ्लूचा विषाणू वाढवतच नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, त्याची फक्त जनुकीय माहिती घेतात आणि ती कीटकांना ग्रासणाऱ्या बॅक्युलोव्हायरस नावाच्या विषाणूत बसवतात. शेतकऱ्यांच्या घरात हे समजावणे सोपे जाते, कारण हरभऱ्यावर घाटे अळी पडली की आपण एचएएनपीव्ही नावाचे जे विषाणूयुक्त कीटकनाशक फवारतो, त्यातला विषाणू याच कुळातला. फवारणीनंतर काही दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात आणि हात लावला की त्यांतून पाणी ओघळते. लशीच्या कारखान्यात या कुळातला दुसरा विषाणू अळीच्या पेशींमध्ये सोडतात, आणि त्या पेशी हवे ते प्रथिन भराभर तयार करून देतात. या पेशी मूळच्या कोणाच्या, तर 2018पासून आपल्या मक्याच्या पोंग्यात बसलेल्या त्याच अमेरिकन लष्करी अळीच्या! अर्थात प्रत्येक वेळी अळ्या धरून आणत नाहीत. पेशींचा तो वाण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवला जात आहे. शेवटी प्रथिन वेगळे काढून शुद्ध करतात. लशीत फ्लूचा विषाणूच नसल्याने तिच्यामुळे फ्लू होण्याचा प्रश्न येत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे असा एखाद-दुसऱ्या दिवसाचा त्रास मात्र होऊ शकतो.

फ्लूब्लॉक या नावाने ही लस अमेरिकेत जानेवारी 2013मध्ये 18 ते 49 वयोगटासाठी मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी 18 वर्षांवरील सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचे 45 मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असते, तर साध्या लशीत 15. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे ज्येष्ठांना या तिप्पट मात्रेचा उपयोग होतो. पन्नाशीपुढच्या लोकांवर झालेल्या आणि 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अंड्यातली लस घेतलेल्यांच्या तुलनेत ही लस घेतलेल्यांना फ्लू होण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्के कमी आढळले. हा आकडा दोन लशींमधला फरक सांगतो. ‘लस फक्त 30 टक्के चालते’ असा त्याचा अर्थ लावू नये. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने 2022मध्ये 65 वर्षांवरील लोकांसाठी ज्या तीन प्रकारच्या लशींना पसंती दिली, त्यांत ही एक आहे. या तिन्हींपैकी एकही मिळत नसेल तर वयाला चालणारी जी लस उपलब्ध असेल ती घ्यावी, हेही त्याच समितीने सांगितले आहे, आणि आपल्यासाठी ते वाक्य अधिक कामाचे आहे.

आता माळेचा प्रश्न. अंड्याविना म्हणजे शाकाहारी, असे आईंना सांगू नका, कारण ते खरे नाही; इथे अंड्याच्या जागी अळीच्या पेशी आल्या एवढेच, आणि पेशींत वाढवलेली आणखी एक बिनअंड्याची लस आहे, तिच्या पेशी मूळच्या कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या. पुण्यात तयार झालेली कोव्होव्हॅक्स ही करोनाची लसही याच अळीच्या पेशींतून आलेली होती, आणि ती घेणाऱ्यांत माळकरी नसतील असे मला वाटत नाही. अंड्याची ॲलर्जी हे कारण असते तरीही काळजी नव्हती, कारण आता अशा लोकांनाही अंड्यातली लस विशेष खबरदारीशिवाय देता येते, अशीच अमेरिकेतली शिफारस आहे.

आपल्याकडच्या दुकानांत फ्लूची म्हणून जी खोकी येतात ती बहुतेक अंड्यात वाढवलेल्या लशीची असतात. आतल्या माहितीपत्रकावर तसे छापलेले असते. भावाची लस मिळेपर्यंत पावसाळा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि मधुमेहात साधा फ्लूही न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. लस 2 ते 8 अंश तापमानातच ठेवावी लागते. माझ्या एका गिऱ्हाइकाने ‘थंड राहील’ म्हणून ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि सकाळी गोठलेली सिरिंज घेऊन आला. ती फेकून द्यावी लागली.

माझी मावशीही माळकरी. अंडे आणि अळी, दोन्ही गोष्टी मी तिला काही न लपवता सांगितल्या. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “देवाला रेशमाचं वस्त्र चालतं, ते कशाचं असतं रे?” आणि तिने पदर सावरून दंड पुढे केला.