आक्षीला जाण्याआधी पंचांग पाहावे

ऑक्टोबरमध्ये दोन दिवस काढून अलिबागजवळच्या आक्षी किनाऱ्यावर स्थलांतरित पक्षी पाहायचे आहेत, कोणता शनिवार-रविवार धरावा, असे आपण विचारले आहे. तारखेआधी तिथी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हे किनाऱ्यावरचे जुने गणित आहे. त्यानुसार अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे पाणी पूर्ण चढते.

पौर्णिमा-अमावास्येचे हे उधाणाचे दिवसच पक्षी पाहण्यास सोयीचे. पहाटे पाणी पार आत गेलेले असते आणि दुर्बिणीतूनही पक्षी ठिपक्यांएवढेच दिसतात. पण आठ ते दहाच्या दरम्यान चढते पाणी त्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणते आणि किनारा पश्चिमेकडे असल्याने ऊन नेमके पाठीवर असते. अष्टमीला सकाळी पाणी ओसरत जाते, पक्षीही लांब जातात, आणि संध्याकाळी ते जवळ येतात तेव्हा सूर्य डोळ्यांवर असतो. कोजागिरीच्या आसपासचे दिवस म्हणूनच उत्तम. दिवाळीतही अमावास्या येते, पण त्या गर्दीत पक्ष्यांना वाळूवर टेकायला जागा उरत नाही.

लाट मागे सरताच तिच्यामागे धावणारे आणि ती उलटताच तुरुतुरु परतणारे फिकट पक्षी म्हणजे सँडर्लिंग. त्यांच्या पायाला मागचे बोट नसते. जवळ आल्यावर ओल्या वाळूतील ठसे अवश्य पाहावेत. प्लव्हर, तुतारी (सँडपायपर) अशा किनारी पक्ष्यांच्या थव्यांत पाठीवरच्या पिसांना स्वच्छ फिकट कडा असलेले, खवलेदार दिसणारे पक्षी शोधावेत. ती याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले असतात. अनेक जातींत प्रौढ पक्षी आधी निघून येतात आणि पिल्ले नंतर, वाट दाखवायला आईबाप सोबत नसताना, हजारो किलोमीटर उडत येतात. हे मला आजही विलक्षण वाटते.

भरती पूर्ण झाल्यावर थवे कोरड्या वाळूवर विसावतात. त्या वेळी छायाचित्रासाठी त्यांच्याकडे चालत जाऊ नये. उठवलेला थवा मोठ्या कष्टाने साठवलेली चरबी विनाकारण जाळतो. कुणाच्या पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत पट्टी दिसलीच, तर लांबूनच रंग, त्यांचा वरून खाली क्रम आणि अक्षरे टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवावीत.