परदेशातल्या सेवा-सहलीत विद्यार्थ्यांना दिवसभर नेमकं काय काम असतं? एवढा खर्च करून जावं का?

हमाली असते. ती मनापासून करायची तयारी असेल तरच जा.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजचा गट नेपाळला, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेला होता. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात गेलो. तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमचे काका भर बैठकीत म्हणाले, "इथं घागरभर पाण्याला लोक रांगा लावायलेत आन् हे निघालं परदेशात सेवा करायला!" त्यांना म्हटलं, १९९३ ला किल्लारीला मदत करायला आले ते सगळे काय औशाचे होते? त्यावर काका उठून गेले. आम्ही त्याच भागातले. आमचं जुनं घर दगडमातीचं, वर माळवद, ते किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे बसलं. मी नंतरचा, पण आजीकडून ऐकून ऐकून पाठ आहे.

काम चौतारा या जिल्ह्याच्या गावाच्या वरच्या एका वस्तीत होतं. सकाळी नुसता चहा पिऊन दगड वाहायचे, दहाच्या सुमारास डाळभात, की पुन्हा दगड. तिथली माणसं डोको नावाची बांबूची टोपली पाठीवर घेतात आणि तिचा पट्टा कपाळाला लावतात. आमच्यातल्या जिमवाल्यांच्या माना दुपारपर्यंत आखडल्या. आजीच्या वयाच्या बायका तेवढंच ओझं घेऊन गप्पा मारत पुढे निघून जायच्या.

वाद झाला तो भिंतीवरून. सोबतच्या सरांना प्रत्येक विद्यार्थ्याचा दगड रचतानाचा फोटो हवा होता. तिथले गवंडी दाइ (नेपाळीत दाइ म्हणजे दादा) काही बोलले नाहीत, पोरांना दोन थर रचू दिले. संध्याकाळी फोटो संपल्यावर त्यांनी ते दोन्ही थर उतरवले आणि नव्यानं घातले. कारण साधं आहे. दगडी भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, मध्ये कपच्यांची भर. दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्यानं ते सुटतात, बाहेरचा फुगतो आणि ढासळतो. आयएस १३८२८ हे अशा बांधकामाचं भारतीय मानक म्हणतं, दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार-चार फुटांवर असे दगड हवेत. मी हे परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. तो दगड बसताना पाहिला तिथे. किल्लारीकडची घरंही आरपार दगड नसलेल्या अशाच भिंतींनी माणसं घेऊन पडली.

तेव्हा आयोजकाला आधी विचारा, भिंत कोण घालणार? "विद्यार्थीच" असं उत्तर आलं तर जाऊ नका, तेवढ्या पैशात तिथल्या गवंड्याची मजुरी निघते. भाषेची काळजी नको, मोडक्या हिंदीवर निभावतं. व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. आणि हो, हे सगळं बांधकामापुरतं. मेडिकलवाल्यांचं गणित वेगळं असेल, त्यातलं मला विचारू नका.

राहता राहिले काका. गेल्या वर्षी त्यांनी शेतातल्या आखाड्याला, म्हणजे गुरं-अवजारं ठेवायच्या जागेला, दगडमातीची भिंत घातली, चांगली दीड फूट रुंद. आरपार दगड एक नाही. सांगायला गेलो तर म्हणाले, "तुझं ते नेपाळात सांग."